धबधब्याच्या वाटेचे नियोजन आणि ऑस्मअँड: एक परीक्षण

सकाळी निघून धबधब्यापर्यंत जायचे आणि दिवसाउजेडी परतायचे, एवढाच बेत असला तरी निघण्यापूर्वी काही गोष्टी नक्की ठाऊक असाव्या लागतात. चढ वाटेच्या कोणत्या टप्प्यावर आहे, ओढा किती वेळा आणि कुठे ओलांडावा लागेल, आणि धबधबा गाठला नसला तरी किती वाजता मागे फिरायचे, हे आदल्या दिवशीच ठरलेले असावे. या कामासाठी मी बराच काळ ऑस्मअँड हे नकाशांचे मोबाइल अ‍ॅप वापरते. नियोजनाचे साधन म्हणून ते उत्तम आहे, असे माझे मत आहे. मात्र त्याला जमिनीची माहिती जितकी आहे तितकी पाण्याची नाही, आणि धबधब्याच्या वाटेवर हा फरक जिवाशी गाठ घालणारा ठरू शकतो. म्हणूनच हे परीक्षण थोडे सविस्तर लिहीत आहे.

ऑस्मअँडमधील नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पातून येतो. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात जगभरातील स्वयंसेवक रस्ते, पायवाटा, ओढे आणि धबधबे नोंदवतात. हव्या त्या प्रदेशाचा नकाशा आधीच फोनवर उतरवून (डाउनलोड करून) ठेवला की पुढे मोबाइलच्या नेटवर्कची गरज उरत नाही, कारण फोन स्वतःचे स्थान उपग्रहांच्या संकेतांवरून ठरवतो आणि नकाशा त्याच्याजवळच असतो. धबधबे बहुधा खोल घळींत असतात आणि तिथे नेटवर्क क्वचितच पोहोचते. हा एक गुणही अ‍ॅप निवडायला पुरेसा आहे.

नियोजनात सर्वाधिक उपयोग होतो तो मार्ग आखण्याच्या सोयीचा. नकाशावर बिंदू ठेवत गेले की अ‍ॅप ते पायवाटेने जोडते, एकूण अंतर सांगते आणि खाली उंचीचा आलेख काढते. या आलेखाकडे मी अंतरापेक्षाही आधी पाहते. धबधब्याच्या वाटांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. काही वाटा पायथ्याकडून चढत धबधब्याखालच्या डोहाशी पोहोचतात, तर काही माथ्यावरून घळीत उतरतात. दुसऱ्या प्रकारात सगळा चढ परतीला येतो, म्हणजे पाय थकलेले, कपडे भिजलेले आणि ऊन उतरत चाललेले असताना. अंतराचा आकडा दोन्हींत सारखाच दिसतो. दिवसाचा हिशेब मात्र पूर्ण बदलतो.

वेळेच्या बाबतीत अ‍ॅपच्या अंदाजावर न थांबता स्वतः हिशेब करावा, असे मी आग्रहाने सांगेन. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम त्यासाठी आजही उपयोगी पडतो: तीन मैलांना, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरना, एक तास आणि दोन हजार फूट, म्हणजे सुमारे सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. समजा, धबधबा चार किलोमीटरवर आहे आणि वाट तीनशे मीटर खाली उतरते. जाताना अठ्ठेचाळीस मिनिटे, येताना अठ्ठेचाळीस अधिक तीस, म्हणजे एकंदर दोन तास सहा मिनिटे होतात. पण हा नियम दमदार चालणाऱ्याचा, बऱ्या वाटेचा आणि न थांबता केलेल्या चालीचा आहे. शेवाळलेले दगड, ओल्या मुळ्या आणि सोबतची लहान मुले लक्षात घेतली, तर ही वेळ दुप्पट धरणे मला रास्त वाटते, आणि धबधब्यापाशी थांबण्याचा वेळ त्याहून निराळा धरावा लागतो. अ‍ॅपमध्ये सूर्यास्ताची वेळ दाखवण्याची सोय आहे, परंतु उंच कड्यांमधल्या घळीत उजेड त्यापेक्षा बराच आधी मंदावतो. म्हणून मागे फिरण्याची वेळ सूर्यास्तापासून उलट मोजत ठरवावी आणि परतीच्या वेळेखेरीज भरपूर मोकळा अवधीही त्यात धरावा.

आता त्या आलेखाच्या मर्यादेकडे येते. अशा नकाशांतील उंचीची माहिती मोठ्या प्रमाणात फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानातून रडारने केलेल्या मोजणीवर आधारलेली असते, आणि तिच्यातील दोन बिंदूंमधले अंतर सुमारे तीस मीटर असते. वीस-पंचवीस मीटरचा सरळ कडा अशा जाळीत पसरट होऊन जातो आणि आलेखावर तो नुसता तीव्र उतार म्हणून उमटतो. धबधबा म्हणजे नेमका असाच कडा. त्यामुळे नकाशावर चढून जाण्याजोगा दिसणारा उतार प्रत्यक्षात उभा कातळ असू शकतो. दाट झाडीत त्या रडारचे संकेत जमिनीपर्यंत पूर्ण पोहोचत नसल्याने तिथली उंचीही काहीशी फुगलेली येते. सारांश असा की वाट नोंदवलेली नसेल तिथे केवळ समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, पाहून धबधब्याच्या माथ्याकडे जाण्याचा मार्ग कधीही आखू नये.

पाण्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ओढा हंगामी आहे की बारमाही, तो कुठे पायी ओलांडता येतो, धबधब्याची उंची किती, हे सगळे नोंदवण्याची व्यवस्था आहे. पण नोंद करणाऱ्याने ती केली असेल तरच ती नकाशात दिसते. पायी ओलांडण्याच्या जागेची नोंद नसली तरी पायवाटेची रेघ ओढ्याची रेघ जिथे छेदते आणि पूल दाखवलेला नसतो, ती प्रत्येक जागा मी ओलांडायची जागा म्हणून खूण करून ठेवते. तिथे आज पाणी किती आहे, हे कोणताही नकाशा सांगू शकत नाही. वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, आणि त्यामुळे गुडघ्याएवढे वेगवान पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकते. सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारी परतीची वाट बंद करू शकतो.

याच ठिकाणी समोच्च रेषांचा माझ्या मते सर्वांत मोलाचा उपयोग होतो. धबधब्याच्या वरच्या बाजूला डोंगरधारा कुठून कुठे गेल्या आहेत, हे या रेषांवरून बोटाने फिरवत पाहिले की त्याचे पाणलोट क्षेत्र डोळ्यांसमोर येते. ते लहान आणि तीव्र उताराचे असेल, तर वर पडलेला पाऊस फार थोड्या वेळात खाली पोहोचतो. ते मोठे असेल, तर डोक्यावरचे आकाश निरभ्र असतानाही दूर कोसळलेल्या सरीने लोंढा येऊ शकतो. म्हणून हवामानाचा अंदाज पाहायचा तो धबधब्याच्या जागेचा आणि त्याबरोबर या संपूर्ण क्षेत्राचाही. पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा त्याबरोबर काटक्या-पाला वाहून येऊ लागला, तर तत्काळ उंच जागी जावे. समोच्च रेषांसाठी ऑस्मअँडमध्ये पैसे मोजावे लागतात, आणि या एका कामासाठी ते मोजणे मला पूर्णतः योग्य वाटते.

प्रत्यक्ष वाटेवर हे अ‍ॅप माझ्या लेखी दुय्यम आहे. अरुंद घळीत आकाशाचा थोडाच भाग खुला असतो, उपग्रहांचे संकेत कड्यांवर आपटून उशिरा पोहोचतात आणि पडद्यावरील आपली खूण कित्येक मीटर इकडेतिकडे सरकते. हा जीपीएसचा स्वभावधर्म आहे, अ‍ॅपचा दोष नव्हे. तरीही वाट ओढ्याच्या कोणत्या काठाने जाते, असा प्रश्न असेल तेव्हा त्या खुणेवर विसंबता येत नाही. तुषारांनी ओला झालेला स्पर्शपडदा बोटाला नीट दाद देत नाही. म्हणून ओलांडायच्या जागा, फाटे आणि मागे फिरण्याची वेळ कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी, आणि तोच मजकूर घरी थांबणाऱ्या व्यक्तीकडेही द्यावा. फोन विमान-स्थितीत ठेवला की बॅटरी बरीच टिकते, कारण नेटवर्क शोधण्यात ती खर्च होत नाही.

अ‍ॅपची खरी अडचण त्याच्या रचनेत आहे. सोयी इतक्या आहेत आणि याद्यांत याद्या अशा दडवलेल्या आहेत की नव्या वापरकर्त्याला पहिल्या दिवशी नुसता समोच्च रेषांचा थर सापडायलाही वेळ लागतो. वाटेच्या अवघडपणाची स्विस आल्पाइन क्लबची सहा पायऱ्यांची श्रेणी नकाशावर दाखवता येते, ही अतिशय उपयुक्त गोष्ट सेटिंगमध्ये खोलवर गेल्याशिवाय कळतही नाही. त्यामुळे निघायच्या दिवशी पहाटे अ‍ॅप उतरवून काम भागवण्याचा विचार कोणी करू नये. ज्यांना केवळ अंतर आणि पायवाट पाहायची आहे, त्यांना त्याच नकाशावर चालणारे ऑरगॅनिक मॅप्स अधिक सोपे वाटेल. पाणलोट, चढ आणि ओलांडायच्या जागा नीट तपासूनच निघायचे असेल, तर ऑस्मअँड शिकण्यात घातलेल्या एक-दोन संध्याकाळी सार्थकी लागतात.

परतल्यावर पूल वाहून गेलेला, वाट खचलेली किंवा ओलांडायची जागा बदललेली आढळली असेल, तर तशी टीप याच अ‍ॅपमधून ओपनस्ट्रीटमॅपला पाठवता येते, आणि ती पडताळून कोणीतरी नकाशा दुरुस्त करू शकते.