स्लायडर कासव की अ‍ॅक्सोलॉटल? बेळगावच्या हवेत कोण टिकेल

दुकानात दोघंही गोंडस दिसतात. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं तळहातावर मावणारं स्लायडर कासव, आणि गालांशी कल्ल्यांचे झुपके मिरवत कायम हसल्यासारखा दिसणारा अ‍ॅक्सोलॉटल. पहिलं सरपटणाऱ्यांतलं, दुसरा मेक्सिकोच्या तळ्यांतला उभयचर. घरी कोण आणायचं हे मात्र आपल्या हवेवरून ठरवा. कासवाला ऊब हवी, अ‍ॅक्सोलॉटलला गारवा.

कासवाचे हाल पावसाळ्यात होतात. खानापूर-बेळगाव पट्ट्यात जून लागला की सूर्यदर्शन दुर्मीळ. टाकीतलं पाणी २४ ते २७ अंश, वर येऊन बसायच्या दगडावर ३२ अंशांच्या आसपास ऊब आणि रोज दहा-बारा तास यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा), एवढं त्याला लागतंच. यूव्हीबी नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. टाकी खिडकीशी ठेवून भागत नाही, कारण काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. दिवाही सहा ते बारा महिन्यांत बदलावा. उजेड तसाच पडत असला तरी त्यातला यूव्हीबी संपत आलेला असतो. पोहताना कासव एका कुशीवर कलंडतंय, नाकाशी बुडबुडे येताहेत, तर फुप्फुसात संसर्ग झाला असं समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळे सुजले तर बहुधा अ जीवनसत्त्वाची कमतरता. नुसत्या सुक्या कोळंबीवर वाढवलेल्या कासवांचं हे नेहमीचं दुखणं.

अ‍ॅक्सोलॉटलला ना यूव्हीबी, ना हीटर. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी द्या, बास. पण एप्रिल-मेमध्ये पारा ३५ च्या वर गेला की तेच आणायचं कुठून? पाणी २४ च्या पुढे सरकलं की तो खाणं सोडतो, कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी धरते. टाकीवर पंखा लावून दोन-तीन अंश उतरतात, बाकी काम चिलरचं, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचं, आणि तो टाकीपेक्षा महाग पडतो. शिवाय वळवाच्या पावसात वीज गेली की इन्व्हर्टर हवा. कातडी पातळ असल्यामुळे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला सोसत नाही. शिवाय टाकी चार-सहा आठवडे आधी चालू करून पाणी मुरवावं लागतं, म्हणजे त्यातली घाण पचवणारे उपयोगी जंतू तयार होतात. तळाशी खडे नकोत, गिळतो. गांडुळं मात्र आवडीने खातो. फवारणी झालेल्या शेतातली तेवढी देऊ नका.

मग घ्यायचं कोण? अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात अ‍ॅक्सोलॉटलचा विचारच सोडा. बेळगाव-खानापुरात चिलरची तयारी असेल तरच घ्या. गच्चीवर अर्धं ऊन, अर्धी सावली असलेला मोठा टब ठेवता येत असेल तर माझं मत कासवाला. फक्त एक ध्यानात ठेवा: मादी फूटभर होते, कासव वीस-तीस वर्षं जगतं, म्हणजे आज हट्ट धरणारी पोरगी सासरी गेल्यावरही टाकी धुवायची तुम्हालाच. (अ‍ॅक्सोलॉटल दहा-पंधरा वर्षांत आटोपतो.) कासवामुळे साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरू शकतो. हात साबणाने धुवा, टाकी स्वयंपाकघरात धुऊ नका, आणि घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर थांबलेलंच बरं. कंटाळा आला म्हणून राकसकोपच्या जलाशयात किंवा किल्ला तलावात सोडणं तर अजिबात नको. परकं कासव इथल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं.

कायद्याचंही बघा. विहिरीत सापडलेलं देशी कासव किंवा 'लकी' म्हणून गुपचूप विकलं जाणारं तारा कासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. अ‍ॅक्सोलॉटल साइटस यादीत (वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करार) असल्याने त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या.

पैसे मोजण्याआधी जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, ‘कासव बघता का?’ आपल्याकडचे बरेच जण म्हशी-कुत्र्यांत मुरलेले. नकार आला तर आजारी जीव घेऊन पुण्या-गोव्याला पळायची तयारी आहे का, तेही घरात बोलून घ्या.