वर नंबर आयआरएफपी460 चा, आत चिप भलतीच

घरी अँप्लिफायरसाठी हजार वॅटचा हाफ-ब्रिज सप्लाय (दोन मॉसफेट आळीपाळीने चालू-बंद करणारा वीजपुरवठा) बांधताना पहिल्यांदा आयआरएफपी460 सारखे मॉसफेट, म्हणजे स्विचचं काम करणारे ट्रान्झिस्टर, उडतात, तेव्हा बांधणारा स्वतःचीच चूक शोधत बसतो. डेड टाइम (दोन्ही मॉसफेट बंद असण्याची मधली फट) कमी पडला असेल, गेटचा, म्हणजे नियंत्रणाच्या पायाचा, रेझिस्टर चुकला असेल, ट्रान्सफॉर्मर सॅच्युरेट झाला असेल. मग त्याच दुकानातून नवी जोडी येते आणि तीही जाते. दुकानदार सांगतो, "सर्किटमध्ये फॉल्ट आहे." बांधणाऱ्याला ते पटतं, कारण दुकानात काउंटरवर होणाऱ्या प्रत्येक चाचणीत हा नकली माल पास झालेला असतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की ऑनलाइन मागवलेलं पाकीट असो, फसवणुकीची रीत एकच आहे.

नकली मॉसफेट खराब नसतो, हेच त्यातलं कौशल्य आहे. आयआरएफपी460 च्या टीओ-247 या मोठ्या बॉडीत 8 अँपिअरच्या आयआरएफ840 सारखी छोटी, पण चालू चिप बसवलेली असते. मल्टिमीटर डायोड दाखवतो, स्वस्त कॉम्पोनंट टेस्टर 'एन-चॅनेल मॉसफेट' म्हणतो. घरी आल्यावर सगळे जण 100 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून सप्लाय सुरू करतात. ही सवय योग्यच आहे, पण तो बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच देत नाही, म्हणून तिथेही नकली माल टिकतो. बल्ब काढला, अँप्लिफायर जोडला, आवाज वाढवला की काही मिनिटांत स्फोट.

कारण साध्या गणितात दिसतं. 230 व्होल्ट रेक्टिफाय केल्यावर बसवर, म्हणजे मॉसफेटना मिळणाऱ्या डीसी लाइनवर, 325 व्होल्ट मिळतात, लोडवर साधारण 310. हाफ-ब्रिजमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला त्याच्या निम्मे मिळतात. म्हणजे हजार वॅटला, नुकसान धरून, साडेसात अँपिअरच्या आसपास करंट, आणि प्रत्येक मॉसफेट निम्मा वेळ तो वाहतो. अस्सल आयआरएफपी460 चा रोध जास्तीत जास्त 0.27 ओहम असतो आणि तापल्यावर तो जवळपास दुप्पट होतो. त्यात साधारण 15 वॅट उष्णता होते. 0.85 ओहमच्या चिपमध्ये तीच 48 वॅटवर जाते. शिवाय छोट्या चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचायला अडथळाही जास्त असतो. मॉसफेट ड्रेन-सोर्स (करंट वाहणारे दोन पाय) शॉर्ट होऊन फुटला की बसचं व्होल्टेज गेटमधून आयआर2110 या ड्रायव्हर चिपपर्यंत शिरतं. ड्रायव्हर, गेटचे रेझिस्टर, कधी एसजी3525 ही कंट्रोल चिपसुद्धा एकाच फटक्यात जातात. नकली नगाचं खरं बिल हे असतं.

म्हणून सोल्डर करण्याआधी दोन मापं घ्याच. पहिलं: गेट-सोर्सला 12 व्होल्ट द्या, बेंच सप्लाय करंट-लिमिटवर ठेवून ड्रेन-सोर्समधून 2 अँपिअर सोडा आणि मल्टिमीटरच्या टोकण्या पायांच्या मुळाशी, बॉडीला लागून धरा. क्रोकोडाइल क्लिपवर माप घेतलं तर क्लिपचाच रोध मोजला जातो. अस्सल नगावर 0.54 व्होल्टपेक्षा कमी ड्रॉप दिसतो. दीड व्होल्टच्या आसपास आला तर आत काय आहे ते कळलंच. हे काही सेकंदांत उरका, कारण चिप तापली की आकडा चढतो.

दुसरं माप एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स मोजणारा मीटर). ड्रेन आणि सोर्स एकत्र जोडून गेटची कपॅसिटन्स पाहा. डेटाशीटमधला 4200 पिकोफॅरडचा आकडा ड्रेनवर 25 व्होल्ट असतानाचा आहे. टेबलावर व्होल्टेज नसताना अस्सल नग त्याहून जास्तच दाखवतो. 'ए' व्हर्जनचा (आयआरएफपी460ए) डेटाशीटचा आकडा 3100 आहे, तेव्हा नंबर नीट वाचा. 2000 च्या आसपास काटा थांबला तर चिप छोटी आहे. पाकिटातले दहाही नग मोजा. वरचे दोन अस्सल आणि खालचे आठ नकली, अशी भेसळही केली जाते.

छपाईवर फार विसंबू नका. अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने वरचा काळा थर निघाला तर री-मार्क, म्हणजे जुना नंबर पुसून नवा टाकणं, सिद्ध होतं, पण लेझरने नव्याने कोरलेला नंबर निघत नाही. तारीख जास्त उपयोगी पडते. इंटरनॅशनल रेक्टिफायरने 2007 मध्ये आपला काही व्यवसाय विषे कंपनीला विकला आणि आयआरएफपी460 विषेकडे गेला. मग आयआरचं (इंटरनॅशनल रेक्टिफायरचं) चिन्ह आणि 2020 नंतरचा डेट कोड एकाच नगावर असेल, तर तो घेऊ नका. पायांच्या मुळाशी ताजं, चकचकीत सोल्डर असेल तर तो जुन्या बोर्डावरून काढलेला माल आहे.

मोठ्या कंडेन्सरमध्ये लबाडी बाहेरच्या वेष्टनाची असते. 160 व्होल्टच्या डब्यावर 200 चं वेष्टन, किंवा मोठ्या डब्यात छोटा रोल. 1000 मायक्रोफॅरड लिहिलेल्या नगावर 800 पेक्षा कमी येता कामा नये. मग 10 किलोओहम, 5 वॅटच्या रेझिस्टरमधून त्याला छापील व्होल्टेजपर्यंत चढवा, डोळ्यांवर चष्मा आणि नगावर उलटा डबा ठेवून. पाच मिनिटांनंतर रेझिस्टरवर 13 व्होल्टपेक्षा जास्त उरत असतील, तर लीकेज मर्यादेबाहेर आहे. हात लावण्याआधी डिस्चार्ज करा.

वाइंडिंग वायरमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम सर्रास मिळतं. एनॅमल खरवडल्यावरही तांबंच दिसतं, म्हणून नजर फसते. वजन मात्र फसत नाही. 1 मिलिमीटर व्यासाची 10 मीटर तांब्याची तार 70 ग्रॅम भरते, मुलाम्याची साधारण 28. रोधही सांगतो: तांब्याचा 0.22 ओहम, मुलाम्याचा 0.34 च्या जवळ. टोक कापून आत पांढरट गाभा दिसतो का, तेही पाहा.

ट्रान्सफॉर्मरच्या फेराइट कोअरवर कोणताही नंबर छापता येतो. ईटीडी49 मापाच्या, एन87 दर्जाच्या फेराइटच्या, गॅप नसलेल्या कोअरवर 10 वेढे दिले तर 380 मायक्रोहेन्रीच्या जवळपास इंडक्टन्स येतो. उत्पादकाची सूट 20 टक्के खाली, 30 टक्के वर अशी असते. 200 वगैरे आलं, तर पृष्ठभाग घासलेला आहे, दोन भाग नीट भिडत नाहीत, किंवा फेराइटच वेगळं आहे.

एका भागात तडजोड नकोच: प्रायमरी आणि सेकंडरीमधला वाय1 (सुरक्षेसाठी प्रमाणित) कंडेन्सर. त्याच्या जागी बिनखुणेची निळी डिस्क विकली जाते. ती शॉर्ट झाली तर 325 व्होल्टचा बस अँप्लिफायरच्या चासीवर येतो आणि तिथे कुणाचा तरी हात असतो. नगावर वाय1 ची खूण आणि सुरक्षा प्रमाणपत्रांची चिन्हं नसतील, तर तो फुकटही घेऊ नका. हा भाग आणि ऑप्टोकपलर (दोन बाजूंमध्ये प्रकाशातून सिग्नल देणारा भाग) फक्त उत्पादकाच्या संकेतस्थळावर नाव असलेल्या अधिकृत वितरकाकडूनच मागवा.

फसलात तर पुरावा हवा. बिलावर पूर्ण नंबर आणि उत्पादकाचं नाव लिहून घ्या, 'मॉसफेट 10 नग' एवढंच नको. ऑनलाइन पाकीट उघडताना व्हिडिओ काढा आणि दोन नग न वापरता ठेवा. विक्रेत्याला मापांचे फोटो लेखी पाठवा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे.

तक्रार निकाली निघेपर्यंत नकली नग बिलासकट जपून ठेवा. त्यानंतर प्रत्येकाचे तिन्ही पाय बॉडीलगत कापून टाका. भंगारात अख्खे गेले, तर पुसून, नवा नंबर घालून ते पुन्हा एखाद्याच्या बोर्डावर येतात.