‘अ‍ॅक्सिस’: चादरीच्या गावाने मागवून वाचावे असे जपानी नियतकालिक

टोकियोच्या रोप्पोंगी भागातून 1981पासून निघणारे ‘अ‍ॅक्सिस’ हे डिझाइनविषयक नियतकालिक सोलापुरात वाचायचे तर मुद्दाम मागवावे लागते. तरीही ज्या शहराचे नाव जेकार्डच्या (मागावरच नक्षी विणण्याच्या यंत्रणेच्या) चादरीने देशभर पोहोचवले, तेथील चादर आणि टॉवेलच्या धंद्यात नव्याने उतरलेल्या पिढीने त्याचे जुने अंक मिळवून वाचावेत, असे मी आग्रहाने सांगेन. आणि त्याचे मुख्य कारण त्यातील मुलाखती हे आहे.

मजकूर जपानी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असल्यामुळे जपानी न येणाऱ्यालाही तो वाचता येतो. दोन लिप्या एकाच पानावर असूनही डोळ्यांना त्रास होत नाही, कारण या नियतकालिकासाठी इसाओ सुझुकी यांनी खास अक्षरवळण घडवले आहे. माझ्याकडील जुन्या अंकांच्या मुखपृष्ठावर वस्तू नसते, तर आत ज्याची मुलाखत आहे त्या व्यक्तीचे मोठे छायाचित्र असते. त्यांत जपानी डिझायनरांइतकाच मान परदेशी डिझायनरांनाही मिळालेला दिसतो.

परदेशी पाहुणा समोर बसला की त्याच्याकडून आपल्या देशाचे कौतुक वदवून घेण्याचा मोह कोणत्याही संपादकाला होतो. येथे मात्र प्रश्न बहुधा कामावरच राहतात: साहित्य कोणते निवडले, कारखानदाराशी बोलणे कसे झाले, पहिला नमुना का बदलावा लागला. डिझायनर आणि उत्पादक यांच्यातील हा व्यवहार जपानला चांगला ठाऊक आहे. ब्रिटिश डिझायनर जॅस्पर मॉरिसन यांनी हिरोशिमाच्या मारुनी या लाकडी फर्निचरच्या कंपनीसाठी खुर्च्या केल्या, आणि जपानी डिझायनर नाओतो फुकासावा यांच्यासोबत 2006 साली ‘सुपर नॉर्मल’ हे रोजच्या वापरातील साध्या वस्तूंचे प्रदर्शन अ‍ॅक्सिसच्याच दालनात मांडले. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आरिता गावाने तर तेथील परंपरेला 400 वर्षे होत असताना, 2016 साली, देशोदेशींच्या 16 डिझायनरांना स्थानिक भट्ट्यांशी जोडून नवी भांडी बाजारात आणली.

आरिताचे उदाहरण सोलापूरकराने थांबून विचार करावा असे आहे. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांच्या पिढ्यान्पिढ्यांचे कसब आहे, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत यंत्रमाग आहेत. परंतु चादरीवरचा मोर किंवा फूल ग्राफच्या कागदावर कोणी काढले, मागाला ती नक्षी सांगणारे छिद्रांचे पंचकार्ड कोणी कापले, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. ज्याने नक्षी बसवली त्याला समोर बसवून, त्याचे छायाचित्र छापून, त्याने रंगाची एक छटा का गाळली हे पानेच्या पाने विचारावे, ही कल्पना मला या मुलाखतींमुळे पटली. आपल्याकडील एखाद्या जुन्या डिझाइन मास्तरांची अशी मुलाखत तेलुगू आणि मराठी दोन्हींत निघाली, तर ती धंद्याला जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

या प्रकारच्या मुलाखतींची एक मर्यादा मला जाणवते. डिझायनर भरभरून बोलतो, पण ज्याच्या हातून वस्तू घडली तो कारागीर क्वचितच बोलताना दिसतो. गिरणगावात वाढलेल्या वाचकाला ही उणीव लगेच खटकेल, आणि ती खटकणे योग्यच आहे.

परदेशातून टपालखर्चासह मागवलेला अंक एकट्याच्या खिशाला जड जातो. त्यामुळे तो वस्त्रोद्योग शिकवणाऱ्या संस्थांच्या ग्रंथालयांनी किंवा यंत्रमागधारकांनी मिळून घ्यावा. ताज्या अंकाचा हट्ट धरण्याची गरज नाही. नमुना आणि उत्पादन यांविषयीची चर्चा दहा वर्षांपूर्वीच्या अंकातही तितकीच कामाची आहे. चाळण्यापुरती चित्रे हवी असतील त्यांनी हा खर्च करू नये. ज्यांना स्वतःची नवी चादर मागावर चढवायची आहे, त्यांनी मुलाखतीची पाने आधी वाचावीत.