स्वतःहून ब्रेक लावणारी गाडी आणि चालकाचे लक्ष : बडोद्यातील काही महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या दिवाळीत घेतलेली आमची गाडी आता एक हिवाळा, एक उन्हाळा आणि पावसाळ्याचा बराचसा भाग पाहून झाली आहे. मध्यम आकाराची पेट्रोल एसयूव्ही, ऑटोमॅटिक गिअर, गार हवा देणारी सीट आणि विक्रेते ज्याला ‘ॲडास लेव्हल २’ म्हणतात ती चालकाला मदत करणारी सगळी साधने तिच्यात आहेत. पुढच्या गाडीपासूनचे अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल, लेनमध्ये ठेवणारे स्टिअरिंग, आणीबाणीत आपोआप लागणारा ब्रेक आणि चालकाचे लक्ष उडाले असे वाटल्यास पडद्यावर कॉफीचा कप दाखवणारी सूचना, ही त्यांतली मुख्य. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते अशी साधने असलेल्या जवळजवळ प्रत्येक गाडीला लागू पडते. इंजिन, मायलेज आणि सस्पेन्शन यांबद्दल माझी तक्रार नाही. इतक्या सोयी हाताशी आल्यावर चालकाच्या लक्षाचे काय होते, हा माझ्या अनुभवाचा विषय आहे.

घरात गाडी आम्ही तिघे चालवतो. मला कामासाठी अहमदाबादला जावे लागते, पत्नीची नोकरी हालोलकडे आहे, आणि धाकटा भाऊ ती मुख्यतः दांडिया बाजार, रावपुरा, अलकापुरी अशी शहरातच फिरवतो. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात कामगारांची बस चालवून निवृत्त झालेले माझे मामा पुष्कळदा शेजारच्या सीटवर असतात, आणि चालकाकडे बघण्याची त्यांची नजर अजून तितकीच तयार आहे.

आधी या साधनांचे श्रेय त्यांना देतो. दुमाड चोकडीवरून एक्स्प्रेसवेला लागले की अहमदाबादच्या सीटीएम चौकापर्यंत ९३ किलोमीटरचा सरळ, कुंपण घातलेला, सिग्नल नसलेला रस्ता मिळतो. जुन्या गाडीने हे अंतर कापून परत आल्यावर उजवी पोटरी आणि कंबर दुखत असे, आणि ते दुखणे आता जवळजवळ गेले आहे. क्रूझ कंट्रोल ज्याने शोधला तो राल्फ टीटर हा अमेरिकन अभियंता लहानपणापासून अंध होता. गाडी चालवताना बोलण्याच्या ओघात वेग सतत कमी-जास्त करणाऱ्या आपल्या वकिलाशेजारी बसून तो वैतागला आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्याला १९५० मध्ये पेटंट मिळाले आणि १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत हे साधन प्रथम बसले. म्हणजे मुळात ते चालकाच्या अस्थिर पायावरचा उपाय होते आणि त्या कामात ते आजही चोख आहे. वेग शंभरावर लावला की तो शंभरावर राहतो, आणि शेजारी बसलेल्या आईला गाडी लागत नाही.

अडचण सुरू होते ती पायाला काम उरत नाही तेव्हा. गाडी नवी असताना क्रूझ लावल्यावरही प्रत्येकाचा उजवा पाय ब्रेकच्या जवळ असे. काही आठवड्यांत तो पाय सैल होऊन सपाट जमिनीवर येतो आणि नंतर सीटकडे मागे ओढला जातो. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला तर काहीच करायचे नसते, त्यामुळे तो दुमडून सीटवर घेण्याची सवय आपल्याकडे किती जणांना आहे ते एक्स्प्रेसवेवरच्या खाण्याच्या थांब्यावर उतरणाऱ्यांकडे पाहिले तरी कळते. सीटची पाठ एकेक खाच मागे जाते, दोन्ही हातांचे काम एका मनगटावर येते. यातली कोणतीही गोष्ट एका दिवसात घडत नाही, म्हणूनच ती चालवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. मामांच्या मात्र ती लगेच ध्यानात आली. ते भावाला म्हणाले, “बाळा, गाडी अंतर राखतेय हे मला दिसतंय. पण समोरचा ट्रक अचानक थांबला तर तुझा पाय कुठून निघून कुठे पोचणार, तेवढं एकदा मोजून बघ.”

ते मोजणे सोपे आहे. ताशी शंभर किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. सावध चालकाला धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण दीड सेकंद लागतो असे धरले, तरी ४२ मीटर ब्रेक लागण्याआधीच संपतात. मागे ओढलेला पाय पुढे आणायला आणखी अर्धा सेकंद गेला, तर त्यात १४ मीटरची भर पडते. तीन सेकंदांची डुलकी, जिला आपण डुलकी म्हणतही नाही, ती ८३ मीटरची असते.

गाडीचा रडार यात किती मदत करील, याबद्दल लोकांच्या अपेक्षा अवाजवी आहेत. पुढे चालत असलेल्या वाहनाचा वेग हे साधन उत्तम ओळखते, पण रस्त्यात उभी असलेली वस्तू त्याच्यासाठी अवघड असते. कमानी, फलक, दुभाजक अशा असंख्य स्थिर गोष्टींचे प्रतिध्वनी गाळले नाहीत तर गाडी पावलोपावली ब्रेक लावील, म्हणून मोठ्या वेगात उभ्या वाहनाची खात्री देता येत नाही, असे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतच लिहिलेले असते. आपल्या महामार्गांवर नेमका तोच धोका जास्त आहे : मागचे दिवे नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, टायर फुटून उजव्या लेनमध्ये उभा राहिलेला आणि मागे दगड मांडून ठेवलेला ट्रक. एक्स्प्रेसवेवर ट्रॅक्टर आणि दुचाकींना मनाई आहे. हालोल रस्त्यावर मात्र उलट दिशेने येणारी मोटारसायकल ही रोजची गोष्ट आहे. पावसाळ्यात काचेमागच्या कॅमेऱ्याला दिसेनासे झाले की ‘साधन तात्पुरते बंद’ अशी ओळ पडद्यावर येते, आणि ती नेमकी चालकालाही कमी दिसत असतानाच येते. त्या क्षणी गाडीचा सगळा ताबा पूर्ण जाग्या माणसाकडे जायला हवा, आणि तोवर तो जागा राहिलेला असेल याची हमी कोणी देत नाही.

माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे. वाहनांच्या स्वयंचलनाच्या ० ते ५ या पायऱ्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये ठरवल्या. त्यांतल्या दुसऱ्या पायरीवर गाडी वेग आणि दिशा दोन्ही सांभाळू शकते, पण रस्त्यावर सतत लक्ष ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाची राहते. कागदावर ही वाटणी न्याय्य दिसते. प्रत्यक्षात मात्र माणसाला जे काम चांगले जमते, म्हणजे हातापायांनी सतत काहीतरी करत राहणे, ते यंत्राने घेतले आहे आणि जे त्याला सर्वांत कमी जमते, म्हणजे काही न घडणाऱ्या गोष्टीकडे एकटक बघत राहणे, ते त्याच्याकडे ठेवले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाचे रडारवर बसणारे लोक काही वेळाने पडद्यावरच्या खुणा का चुकवतात, याचा अभ्यास नॉर्मन मॅकवर्थ यांनी केला. घड्याळाचा एक काटा मधूनच दुप्पट उडी मारतो आणि ती उडी पकडायची, एवढेच काम त्यांनी लोकांना दोन तास दिले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पहिल्या अर्ध्या तासातच पकडण्याचे प्रमाण घसरले होते. एक्स्प्रेसवेवर अर्धा तास म्हणजे साधारण नडियादच्या फाट्यापर्यंतचा प्रवास. तिथून पुढे क्रूझवर बसलेला चालक रस्त्याकडे बघत असतो, पण त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उशिरा येते, हे मी शेजारी बसून अनेकदा अनुभवले आहे. कंटाळा येणे हा स्वभावाचा दोष नसून मेंदूची मर्यादा आहे, हे मान्य केल्यावरच त्यावर उपाय शोधता येतो.

सरावलेल्या माणसाचेही असेच होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेतल्या टेंपी शहरातले आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री चाचणीसाठी धावणाऱ्या स्वयंचलित गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला उडवले आणि तिचा मृत्यू झाला. गाडीत देखरेखीसाठी नेमलेली चालक होती, तेच तिचे काम होते आणि तिची नजर फोनवर होती. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्रणेला समोर काहीतरी असल्याचे कळले होते, पण ते नेमके काय आहे हे तिला ठरवता आले नाही. पुढच्या वर्षी तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने आपल्या निष्कर्षात चालकाच्या दुर्लक्षाबरोबर अशा निश्चिंतपणाला आवर घालण्याची व्यवस्था नसण्याकडेही स्पष्ट बोट दाखवले.

कॉफीच्या कपाच्या सूचनेबद्दल बरेच लोक विचारतात. आमच्या गाडीत ती चेहऱ्याकडे बघणाऱ्या कॅमेऱ्यावर चालत नाही. स्टिअरिंगच्या बारीक हालचालींवरून ती चालकाचा थकवा ताडते. लेन राखणारे साधन सुरू असले की त्या हालचालींतला मोठा वाटा यंत्राचाच असतो, त्यामुळे चालकाबद्दल अंदाज करायला फारसे काही उरत नाही. स्टिअरिंगवर हात आहे की नाही हेसुद्धा गाडी हाताच्या जोरावरून ओळखते. स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून तिला फसवणारे लोक आहेत, ही गोष्ट मला मनापासून अस्वस्थ करते. सीटबेल्टचा आवाज बंद करण्यासाठी बकलमध्ये खोचायच्या चकत्या आपल्याकडे उघड विकल्या जात होत्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२३ मध्ये आदेश काढून त्या ऑनलाइन विक्रीतून हटवायला लावाव्या लागल्या. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत ८० च्या वर वाजणारी आणि १२० नंतर अखंड वाजत राहणारी वेगाची सूचना सक्तीची आहे. ती कायमची कशी बंद करता येईल, हा प्रश्न नवी गाडी घेतलेल्या परिचितांकडून मला वारंवार ऐकू येतो. जो आवाज आपल्याला जागे ठेवण्यासाठी आहे तो आधी बंद करायचा आणि मग गाडी सुरक्षित असल्याचे समाधान मानायचे, हे मला कधीच पटणार नाही.

थकव्याचे एक कारण बडोद्याच्या लोकांना विशेष सांगावेसे वाटते. रणोली, नंदेसरी या बाजूने जाताना कारखान्यांचा वास येतो म्हणून आपण एसीची हवा ‘आतल्या आत’ फिरवण्याचे बटण दाबतो आणि नंतर ते विसरून जातो. चार माणसे बसलेल्या बंद गाडीत श्वासातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने साठतो. बाहेर त्याचे प्रमाण दहा लाखांत सुमारे ४२० भाग असते, तर गाडीत ते थोड्याच वेळात काही हजारांवर जाऊ शकते. डोके जड होते, जांभया येतात, आणि दोष दुपारच्या जेवणाला दिला जातो. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान शरीराचे घड्याळ तसेही मंदावलेले असते. त्यात गार सीट, मंद संगीत आणि कोंडलेली हवा एकत्र आली की झोपेला वेगळे आमंत्रण लागत नाही. वासाचा पट्टा ओलांडला की बाहेरची हवा सुरू करायची, एवढ्या एका सवयीने आमच्या घरातल्या चालकांच्या जांभया स्पष्टपणे कमी झाल्या आहेत.

शहरातला अनुभव वेगळा आहे. मांडवी आणि न्यायमंदिराच्या गर्दीत लेनचे साधन निरुपयोगी आहे, कारण तिथे लेनच नाही. तिथे खरी सोय होते ती ब्रेक धरून ठेवणाऱ्या ‘ऑटो होल्ड’ची. मात्र सिग्नलला पाय मोकळा झाला की हात फोनकडे जातो आणि मागचा हॉर्न वाजला की समोर न बघता ॲक्सिलरेटर दाबला जातो, हे मी काळाघोडा सर्कलपाशी इतर गाड्यांत रोज पाहतो. तेवढ्या वेळात दोन गाड्यांमधून एखादी आजी रस्ता ओलांडत असते. मागच्या सेन्सरबद्दलही असेच सांगेन. बीप वाजली नाही म्हणजे मागे कोणी नाही, असा अर्थ लोक काढू लागले आहेत. दांडिया बाजारातल्या वाड्यांच्या बोळात बुटकी पायरी, बारीक खांब किंवा निजलेले कुत्रे त्या लहरींच्या खाली किंवा बाजूला राहू शकते. पावसात मागच्या कॅमेऱ्यावर चिखल बसतो. पत्नी अजूनही मान वळवून मागे बघते आणि आम्हा तिघांत गाडी तीच सर्वांत चांगली मागे घेते.

एवढ्या वापरानंतर आमच्या घरात काही गोष्टी आपोआप ठरत गेल्या. अंतर राखणारा क्रूझ आम्ही वापरतो, पण अंतर नेहमी सर्वांत मोठे ठेवतो. त्या मोकळ्या जागेत दुसऱ्या गाड्या शिरतात आणि आमची गाडी पुन्हा मागे सरते. त्याने चिडून अंतर सर्वांत लहान करणारे मी बरेच पाहिले आहेत, पण अहमदाबादला पोचायला त्यामुळे फार तर दोन-चार मिनिटे जास्त लागतात. लेनमध्ये ठेवणारे स्टिअरिंग आम्ही बंद ठेवतो, फक्त लेन ओलांडल्याची सूचना चालू असते, म्हणजे हातांना काम राहते. क्रूझवर असतानाही उजवी टाच ब्रेकसमोर टेकलेली असते. आणंदच्या पुढे चालक काही वेळ क्रूझ बंद करून पायाने वेग सांभाळतो, आणि त्यानंतर त्याच्या बोलण्यातली तरतरी शेजारच्याला जाणवते. आणीबाणीचा ब्रेक मात्र कायम चालू असतो. एकदा वासदजवळ अचानक आडव्या आलेल्या गाईसमोर त्याने आणि पत्नीच्या पायाने जवळजवळ एकाच वेळी काम केले, आणि दोन्ही असल्याचे आम्हाला समाधान आहे.

ही गाडी मी पुन्हा घेईन का, तर घेईन. सीट, ब्रेक आणि सहा एअरबॅग्ज यांसाठी दिलेले पैसे योग्य होते. केवळ लेन राखणाऱ्या स्टिअरिंगसाठी वरचे मॉडेल घेण्याची मात्र गरज नाही, तो फरक चांगल्या टायरांवर खर्च करावा. पाहायला जाल तेव्हा शोरूमभोवतीच्या फेरीवर समाधान मानू नका. भरदुपारी, जेवणानंतर, चार माणसे बसवून हालोल रस्त्यावर किमान अर्धा तास चालवण्याचा आग्रह धरा, आणि चालकाचे पाय कुठे आहेत ते बघायला शेजारी घरातले एखादे अनुभवी माणूस बसवा.