भेदभावाचा दावा की सूडाचा? अमेरिकेत नोकरीवरून काढल्यावर काय सिद्ध होऊ शकतं

वंश, लिंग, धर्म किंवा मूळ देश यावरून आपल्याला काढलं असं वाटत असेल, तर दोन दावे करता येतात: भेदभावाचा, आणि तक्रार केल्याबद्दल सूड उगवल्याचा, म्हणजे रिटॅलिएशनचा. दोन्ही १९६४च्या नागरी हक्क कायद्यात बसतात. पुरावा मात्र वेगवेगळा लागतो.

भेदभावात मॅनेजरच्या मनातला हेतू दाखवायचा असतो, आणि तो कुणी ईमेलमध्ये लिहून ठेवत नाही. त्यामुळे बहुतेकदा तुलनेला माणूस शोधावा लागतो: त्याच मॅनेजरच्या हाताखालचा, पण तुमच्या वंशाचा किंवा लिंगाचा नसलेला, तीच चूक करूनही नुसती समज देऊन सोडलेला. असा माणूस मिळणं फार अवघड. कंपनी म्हणणार, काम नीट नव्हतं. मग अलीकडचा चांगला रिव्ह्यू, पगारवाढीचं पत्र, दर वेळी बदललेलं कारण, हे सगळं कामी येतं. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची: भेदभाव हे अनेक कारणांपैकी एक होतं, एवढं दाखवलं तरी कायदा मोडल्याचं ठरू शकतं. भरपाई मात्र त्यामुळे कमी होऊ शकते.

सूडाच्या दाव्यात निकष कडक आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१३च्या नासर खटल्यातल्या निकालापासून, तक्रार केली नसती तर काढलंच नसतं, असं दाखवावं लागतं. तरीही मला हाच दावा बऱ्याचदा हाताशी येणारा वाटतो, कारण इथे तारखा बोलतात. सोमवारी एचआरला ईमेल, पुढच्या आठवड्यात पहिली ताकीद, महिनाअखेर नोकरी गेली. मूळ भेदभाव सिद्ध झाला नाही तरी चालतं. तुमची समजूत प्रामाणिक आणि वाजवी हवी. पण 'मॅनेजर नीट बोलत नाही' एवढीच तक्रार असेल तर संरक्षण मिळत नाही. 'मी बाई आहे म्हणून मला क्लायंट मीटिंगमधून वगळतात' असं लिहिलेलं असेल तर मिळतं. आणि काढणाऱ्याला ती तक्रार माहीत होती, हेही दाखवावं लागतं.

लेखी तक्रार असेल तर सूडाचा दावा पुढे ठेवा, नसेल तर ओढूनताणून तो उभा करू नका. दोन्हींना आधार असेल तर ईईओसीकडच्या, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी आयोगाकडच्या, अर्जात दोन्ही नोंदवा. अर्जात नसलेला मुद्दा कोर्टात मांडताना अडचण येते.

या अर्जाची मुदत १८० दिवसांची, बऱ्याच राज्यांत ३००. ती कामाच्या शेवटच्या दिवसापासून नाही, काढल्याचं कळवलं त्या दिवसापासून मोजतात. कंपनीत अपील चालू असलं तरी ती थांबत नाही.