सहा बैठका आणि एक उत्तरपत्रिका : पुण्यातील एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

सीए इंटरमीजिएटच्या पहिल्या गटात तिन्ही विषयांत ४० च्या वर गुण मिळवूनही ३०० पैकी १५० ची बेरीज न गाठल्यामुळे, म्हणजे १४६ वर अडकल्यामुळे, आमचा एकवीस वर्षांचा मुलगा जुलैच्या निकालात दुसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाला. त्यानंतर तीन आठवडे त्याच्या खोलीचे दार जेवणापुरतेच उघडत असे, आणि बोललाच तर दोषी तिघे असत : क्लासच्या नोट्स, पेपर तपासणारे आणि आम्ही. एका नातेवाइकांनी सुचवलेल्या, कर्वे रस्त्याजवळच्या लहानशा समुपदेशन केंद्रात तो अखेर यायला तयार झाला. पन्नास मिनिटांच्या बैठकीला हजार रुपये, याप्रमाणे सहा बैठका झाल्या.

पहिल्या दिवशी समुपदेशक बाईंनी मला दहा मिनिटांत बाहेर बसवले. त्याचा मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. आत त्यांनी आत्महत्येचे विचार मनात येतात का, हे आडपडदा न ठेवता विचारले आणि टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये नोंदवून घ्यायला लावला, असे त्यानेच नंतर सांगितले. त्यांची पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारावर आधारलेली आहे. नापास होणे ही घटना. तिच्यावरून ‘मी कुचकामी आहे’ असा निकाल आपणच आपल्याविरुद्ध देतो, आणि खचतो तो त्या निकालाने. ऐकायला हे सोपे वाटते. मुलाला मात्र ते पटायला दोन बैठका लागल्या.

या केंद्राचे खरे कौशल्य मला तिसऱ्या बैठकीनंतर दिसले. पेपर तपासणाऱ्यांवर तक्रार आहे ना, मग सीएची परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटकडून उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मागव, असे बाईंनी त्याला सांगितले. अर्ज त्यानेच भरला आणि एका विषयाचे ५०० रुपये शेजारच्या मुलांच्या शिकवणीतून मिळालेल्या पैशांतून दिले. कायद्याच्या पेपरची प्रत आल्यावर शेवटच्या १४ गुणांच्या प्रश्नाखाली चार ओळी आणि पुढे कोरे पान होते. तपासणी चोख होती. बाई काही बोलल्या नाहीत म्हणे. त्यानेच सांगितले की आधीच्या एका प्रश्नात तो पाऊण तास अडकून बसला होता आणि हे त्याला परीक्षेच्या दिवसापासूनच माहीत होते. घरी आल्यावर हे सगळे त्याने स्वतःहून आम्हाला सांगितले, तेव्हा त्याच्या वडिलांनी चष्मा पुसण्याचे निमित्त काढले.

गृहपाठ मलाही होता : सकाळी हाक मारायची नाही आणि त्याच्या वतीने क्लासला फोन करायचा नाही. पहिल्याच आठवड्यात तो एका सराव परीक्षेला मुकला आणि भरलेले शुल्क वाया गेले. मी स्वयंपाकघरात ओठ आवळून उभी होते. सप्टेंबरची परीक्षा सोडून जानेवारीत बसण्याचा निर्णयही त्याचाच. तो आम्हाला आजही पूर्णपणे पटलेला नाही.

उणिवा आहेत. प्रतीक्षेची जागा म्हणजे जिन्यातले एक बाकडे, आणि दार इतके पातळ की आतले शब्द कानावर येऊ नयेत म्हणून मी खाली रसवंतीत जाऊन बसू लागले. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. परीक्षेचे नियोजन किंवा विषयाचे मार्गदर्शन हवे असेल, तर हे ठिकाण त्यासाठी नाही.

वेळ व्हॉट्सॲपवर घ्यावी लागते. पालकांनी संदेश पाठवला, तर बाईंचे उत्तर बहुधा एकाच ओळीचे असते : ‘त्यालाच पाठवायला सांगा.’