लिंका साठवायच्या कुठे? ब्राउझर, व्हॉट्सॲप, गूगल शीट, रेनड्रॉप की स्वतःचा सर्व्हर

लिंका साठवायचं साधन निवडताना दोन गरजा एकमेकींत मिसळतात. ही लिंक सहा महिन्यांनी मला सापडेल का, ही पहिली. ज्यांना ती द्यायची आहे त्यांना खातं न काढता ती उघडता येईल का, ही दुसरी. दोन्ही गरजा एकच साधन सारखीच चांगली भागवेल असं सहसा होत नाही. म्हणून आधी ठरवा: लिंका शोधणारे तुम्ही एकटे, की वीसजणांचा वाचनगट?

तिसरा मुद्दा लोक विसरतात: लिंका साठवणाऱ्या सेवा बंद पडतात. डेलिशस ही अशीच सेवा २००३ मध्ये सुरू झाली, २००५ मध्ये याहूने घेतली आणि हात बदलत २०१७ मध्ये पिनबोर्ड या दुसऱ्या सेवेकडे आली, तेव्हा तिथं नवीन काही साठवायची सोयही संपली. नंतर वाचायचे लेख साठवणारं ऑम्निव्होर नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झालं. घोषणेपासून माहिती पुसेपर्यंत लोकांच्या हातात जेमतेम काही आठवडे होते. त्याच कामाचं पॉकेट, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ८ जुलै २०२५ रोजी बंद केलं. त्यामुळे कुठलंही साधन घेताना लिंका आत कशा टाकायच्या याआधी त्या बाहेर कशा काढायच्या हे बघा.

| साधन | बघणाऱ्याला खातं लागतं? | टॅग (लिंकेला लावायच्या विषयाच्या चिठ्ठ्या) | बाहेर काय काढता येतं (फाइलचा प्रकार) |
|---|---|---|---|
| क्रोम | वाटायची सोयच नाही | नाहीत | एचटीएमएल |
| फायरफॉक्स | वाटायची सोयच नाही | आहेत | एचटीएमएल, जेसन |
| व्हॉट्सॲप गट | हो | नाहीत | चॅटचा मजकूर |
| गूगल शीट | नाही | रकाना करून | सीएसव्ही, एक्सेल |
| रेनड्रॉप (लिंका साठवायची ऑनलाइन सेवा) | नाही | आहेत | एचटीएमएल, सीएसव्ही |
| लिंकडिंग (स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं ॲप) | नाही (सार्वजनिक केल्यास) | आहेत | एचटीएमएल |

ब्राउझर

एकट्यासाठी, दोन-तीनशे लिंकांपर्यंत, ब्राउझर पुरतो. क्रोममध्ये फक्त फोल्डर आहेत. ‘कोकणातली भातशेती’ हा लेख ‘शेती’त ठेवायचा की ‘कोकण’मध्ये, हा पेच तिथं सुटत नाही. फायरफॉक्समध्ये एका लिंकला हवे तितके टॅग लावता येतात, आणि पत्त्याच्या पट्टीत तारांकन टाकून एक जागा सोडली की शोध फक्त बुकमार्कांतच होतो.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. फोनवर चुकून फोल्डर पुसलं की ते लॅपटॉपवरूनही जातं. फायरफॉक्सची जेसन फाइल परत भरताना ती ब्राउझरमध्ये आधीपासून असलेले सगळे बुकमार्क काढून त्यांच्या जागी बसते. एचटीएमएल फाइल आयात केली तर उलट होतं: आधीचं सगळं राहतं, वर नवीन भर पडते, आणि दोनदा आयात केली तर प्रत्येक लिंक दोनदा दिसते. अँड्रॉइडवरच्या क्रोममधून ही फाइल काढता येत नाही, त्यासाठी संगणकच लागतो. आणि ती फाइल कुणाला पाठवू नका. तिच्यात तुमचे सगळे बुकमार्क असतात, बँकेची पानं आणि खासगी कागदपत्रांच्या लिंकाही.

व्हॉट्सॲप

व्हॉट्सॲप हे वाहन आहे, कपाट नाही. एका गटात १०२४ जण बसतात आणि पाठवलेली लिंक मिनिटात सगळ्यांपर्यंत पोचते. या बाबतीत त्याला तोड नाही. पण गटाच्या माहितीत ‘लिंक्स’ या भागात सगळं फक्त तारखेच्या क्रमानं लागतं. शोधायला शब्द लागतात, आणि नुसत्या लिंकेत मराठी शब्द नसतो. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर लिंकाही त्याबरोबर जातात.

तरी सवय मोडणार नसेलच तर एवढं करा: प्रत्येक लिंकेच्या वर विषय आणि लेखकाचं नाव असलेली एक ओळ लिहा. पुढे शोधताना तीच ओळ कामी येते.

गूगल शीट

अनेकजण भर घालणार असतील तर आमची पहिली पसंती शीटलाच. रकाने पाचच ठेवा: लिंक, शीर्षक, विषय, एका ओळीत ‘का वाचावं’, आणि जतन केलेल्या प्रतीची लिंक. विषयाचा रकाना मोकळा सोडू नका. डेटा व्हॅलिडेशनने ड्रॉपडाउन करा आणि त्यात दहा-बारापेक्षा जास्त विषय घालू नका. नाहीतर महिन्याभरात ‘पाककृती’, ‘पाककृति’, ‘रेसिपी’ असे तीन वेगळे विषय तयार होतात.

सगळ्यांना एडिटर करणं ही नेहमीची चूक. एकाने फक्त एक रकाना निवडून सॉर्ट केला की लिंक एका ओळीत आणि तिचं शीर्षक दुसऱ्या ओळीत जातं. त्याऐवजी भर घालायला गूगल फॉर्म द्या, शीट ‘लिंक असलेला कोणीही – फक्त पाहू शकतो’ अशी ठेवा आणि संपादन दोघा-तिघांकडेच ठेवा. त्यांनीही साध्या फिल्टरऐवजी फिल्टर व्ह्यू वापरावा, म्हणजे एकाच्या चाळण्यानं दुसऱ्याचं पान हलत नाही. चूक झालीच तर व्हर्जन हिस्टरीतून आधीची प्रत परत आणता येते.

शीट एका खात्याच्या मालकीची असते. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल बंद करू शकतं, म्हणून मालकी नेहमी सक्रिय असलेल्या माणसाकडे ठेवा. शीटमध्ये जे मिळत नाही ते म्हणजे एका क्लिकमध्ये साठवण. वाचताना लिंक कॉपी करून फॉर्म उघडायचा, या दोन जादा पावलांमुळेच पुष्कळ लिंका राहून जातात.

रेनड्रॉप

निवडणारा एक आणि वाचणारे अनेक असतील तर रेनड्रॉप घ्या. मोफत खात्यात लिंकांना आणि संग्रहांना मर्यादा नाही. ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन आणि फोनवर ‘शेअर’ बटण, दोन्हींतून दोन सेकंदांत लिंक जाते. एखादा संग्रह सार्वजनिक केला की त्याचं स्वतंत्र पान तयार होतं आणि ते कोणीही खात्याशिवाय बघू शकतं. पैसे भरले तर पानांच्या आतल्या मजकुरात शोध, तुटलेल्या लिंकांची यादी आणि पानांच्या कायमच्या प्रती मिळतात. हजाराच्या पुढे संग्रह गेला की हे पैसे वसूल होतात, त्याआधी गरज नाही.

बाहेर काढताना एचटीएमएल आणि सीएसव्ही दोन्ही काढा. एचटीएमएल फाइल क्रोममध्ये भरली की टॅग गळतात, सीएसव्हीत ते टिकतात. ती सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडून देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हं दिसली तर फाइल बिघडलेली नाही. ‘डेटा’ मेनूतून मजकूर फाइल आयात करा आणि यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) निवडा.

पिनबोर्ड हा याच जातीचा जुना, चित्रांशिवायचा, अतिशय वेगवान पर्याय. २००९ पासून चालू आहे, आणि सशुल्क. शब्दांनी विचार करणाऱ्याला तो आवडेल, गटाला नाही.

स्वतःचा सर्व्हर

रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) किंवा छोटा भाड्याचा सर्व्हर सांभाळता येत असेल तर लिंकडिंग बघा. डॉकरवर (ॲपला कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) चालतो, सगळी माहिती एका एसक्यूलाइट डेटाबेस फाइलमध्ये राहते. घात एकाच ठिकाणी होतो: माहितीचं फोल्डर कंटेनरच्या बाहेर जोडलेलं नसेल तर अपडेट करताना जुना कंटेनर काढला की सगळ्या लिंका जातात. बसवल्यावर लगेच एक लिंक टाका, कंटेनर पुसून पुन्हा उभा करा, ती लिंक आहे का बघा. मगच पुढचं काम. पानांच्या पीडीएफ आणि स्क्रीनशॉटही हवे असतील तर लिंकवॉर्डन हे तसंच दुसरं ॲप घ्या, पण त्याला जागा आणि मेमरी बरीच जास्त लागते.

देवनागरीची खास अडचण

इंग्रजी तुलनांमध्ये हे सापडणार नाही, आणि मराठी लिंका साठवणाऱ्याला रोज भेटतं. वेबपत्त्यातलं प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि कॉपी करताना प्रत्येक बाइटची टक्का चिन्हासह तीन चिन्हं होतात. म्हणजे एकाची नऊ. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हं, त्यांची ४५ होतात. ‘महाराष्ट्र’ची ९०. त्यामुळे मराठी विकिपीडियाची लिंक मेसेजमध्ये चार ओळी खाते आणि अर्धवट कॉपी झाली की उघडत नाही. तिथं विकिमीडियाचा स्वतःचा यूआरएल शॉर्टनर (लांब पत्त्याचा लघुपत्ता करणारी सेवा) वापरा. इतर लघुपत्ते मात्र संग्रहात साठवू नका. लघुपत्ता देणारी सेवा बंद पडली की मूळ पान जिवंत असूनही हाती लागत नाही.

टॅगमध्येही पेच आहे. ‘शेतकऱ्यांसाठी’ मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधाला मात्र ते दोन वेगळे शब्द. उपाय सोपा आहे. टॅग नेहमी मूळ रूपात लिहा, सामान्यरूपात नको: ‘शेतकरी’, ‘शेतकऱ्यांसाठी’ नव्हे. विभक्तीचे घोळही याच उपायाने टळतात. पिनबोर्ड आणि लिंकडिंगमध्ये रिकामी जागा आली की नवा टॅग सुरू होतो, म्हणून ‘दिवाळी-अंक’ असं जोडून लिहा.

लिंका मरतात, ते गृहीत धरा

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या २०२४ मधल्या अहवालानुसार २०१३ मधल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. महत्त्वाची लिंक साठवताना त्याच वेळी वेबॅक मशीनच्या (वेबपानांच्या प्रती जपणारी सेवा) ‘सेव्ह पेज नाऊ’ मध्ये टाका आणि मिळालेला पत्ता शेजारी नोंदवा. शीटमधला पाचवा रकाना त्यासाठीच. लॉगिनमागची पानं तिथं जतन होत नाहीत, त्यांची पीडीएफ स्वतःकडेच ठेवायला हवी. साठवण्याआधी पत्त्यात प्रश्नचिन्हामागची फेसबुकची किंवा जाहिरातीची शेपटी (माग काढण्यासाठी जोडलेली अक्षरं) असेल तर काढा आणि लिंक अजून उघडते ना ते पाहा. या शेपट्यांमुळे एकच लेख तीनदा साठतो आणि दुबार शोधणाऱ्या साधनालाही तो ओळखू येत नाही.

दोन साधनांत अडकला असाल तर वीस लिंका घ्या: पाच देवनागरी पत्त्यांच्या, पाच यूट्यूबच्या, पाच पीडीएफ, पाच साधे लेख. प्रत्येकीला दोन टॅग आणि एक टीप लावा. दोन्ही साधनांत भरा, लगेच बाहेर काढा आणि ती फाइल तिसऱ्याच ठिकाणी आयात करून मोजा. वीस लिंका आल्या का, चाळीस टॅग आले का, टिपा आल्या का.